टीएसएच ८.२, प्रोलॅक्टिन ४१, एएमएच ७.९ : आधी कशाकडे पाहावे?

कृष्णाकाठ३१ :

नमस्कार. माझे वय ३१ असून लग्नाला चार वर्षे झाली आहेत. गेले १४ महिने आम्ही मुलासाठी प्रयत्न करत आहोत, परंतु अद्याप दिवस राहिलेले नाहीत. कॉलेजात असल्यापासून माझी पाळी महिन्याच्या महिन्याला अशी कधी आलीच नाही. साधारण ४५ ते ५५ दिवसांनी येते, आणि मागच्या वर्षी एकदा तर ७२ दिवसांनी आली. वजन ६८ किलो, उंची १५६ सेंटीमीटर आहे. हनुवटीवर चार-पाच राठ केस नेहमी येतात, केस विंचरताना कंगव्यात गुंता निघतो, आणि दुपारी ऑफिसात बसल्या जागी डोळे मिटू लागतात. हे शेवटचे मी आजवर कामाच्या ताणावर ढकलत आले होते.

गेल्या महिन्यात रक्ताच्या तपासण्या झाल्या. अहवालात टीएसएच (थायरॉईडला चालना देणारे हार्मोन) ८.२, प्रोलॅक्टिन (दूध आणणारे हार्मोन) ४१ आणि एएमएच (बीजकोषातील पुटिकांचे हार्मोन) ७.९ हे तीन आकडे ठळक छापले असून प्रत्येकापुढे वर जाणारा बाण आहे. पाळीच्या २१व्या दिवशी घेतलेले प्रोजेस्टेरॉन मात्र ०.६ इतकेच आले. सोनोग्राफीत दोन्ही बीजकोषांवर बारीक पुटिका (बीज सामावलेल्या पिशव्या) दिसल्यामुळे कागदावर ‘पीसीओडी’ असा बीजकोषांचा विकार लिहिला आहे. डॉक्टरांनी तीन प्रकारच्या गोळ्या लिहून दिल्या, मेंदूचा एमआरआय करून आणायला सांगितले, आणि तो कशासाठी हे मी विचारण्याच्या आत बाहेर पुढच्या पेशंटचे नाव पुकारले गेले. ‘मेंदूचा एमआरआय’ हे शब्द घरी कळल्यापासून सासूबाई माझ्याशी फार हळू आवाजात बोलू लागल्या आहेत.

गोळ्या अजून सुरू केलेल्या नाहीत. एकाच वेळी तीन हार्मोन कसे बिघडतात, हे मला समजून घ्यायचे आहे. माझी बहीण म्हणते की एएमएच जास्त म्हणजे स्त्रीबीजे भरपूर, तेव्हा काळजीचे कारण नाही. ते बरोबर आहे का? आणि २१व्या दिवशी प्रोजेस्टेरॉन इतके कमी, याचा अर्थ माझ्यात बीज तयारच होत नाही असा घ्यायचा का? मोबाइलवरील अॅप पाहून आम्ही दर वेळी १२ ते १६ हे दिवस चुकवलेले नाहीत.

नमुना_क्रमांक_सात :

ताई, मी डॉक्टर नाही. १७ वर्षे रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो आहे, त्यामुळे उपचारांविषयी बोलणार नाही, फक्त नमुन्याविषयी बोलतो. हे आकडे वाचण्याआधी रक्त कधी आणि कोणत्या स्थितीत घेतले गेले, हे आठवून पाहावे.

प्रोलॅक्टिन हे फार हळवे हार्मोन आहे. झोपेत ते वाढते आणि जाग आल्यानंतर हळूहळू उतरते, म्हणून उठल्या उठल्या धावत येऊन नमुना देऊ नये, निदान दोन-तीन तास जाऊ द्यावेत. सुईची भीती, जिना चढून आल्याची धाप, आदल्या रात्रीचे जागरण एवढ्यानेही ते काही अंकांनी वर जाते. आमच्याकडे बहुतेक यंत्रांवर गरोदर नसलेल्या स्त्रीसाठी २५च्या आसपासची मर्यादा छापून येते. त्या मानाने ४१ हा आकडा जास्त आहे, पण पुन्हा तपासल्याशिवाय त्यावर मोठा निर्णय घ्यावा इतका तो जास्त नाही. मेंदूखालच्या पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथीत प्रोलॅक्टिन तयार करणारी मोठी गाठ असते तेव्हा आकडे बहुधा शेकड्यांत जातात. दुसऱ्या वेळी शांत बसून, अर्धा तास विसावून नमुना द्यावा, आणि तरीही आकडा चढाच राहिला तर ‘मॅक्रोप्रोलॅक्टिन’ तपासून घ्यावे. काही जणींच्या रक्तात प्रोलॅक्टिनचे मोठे, जवळजवळ निष्क्रिय रेणू साचतात. यंत्र ते मोजते, शरीराला मात्र त्यांचा त्रास नसतो.

आणखी दोन गोष्टी कुणी सहसा विचारत नाही. आपण पित्तासाठी रोज एखादी कॅप्सूल घेता का? आपल्याकडे पॅन्टोप्रॅझोलच्या जोडीला डॉम्पेरिडोन असलेल्या कॅप्सूल घरोघरी आढळतात, आणि डॉम्पेरिडोन प्रोलॅक्टिन वाढवते. उलट्यांवरच्या मेटोक्लोप्रामाइडचेही तेच, आणि मानसिक आजारांवरील काही औषधांचेही. दुसरे म्हणजे, केसगळतीसाठी बायोटिनच्या मोठ्या गोळ्या चालू आहेत का? बायोटिनमुळे काही यंत्रांवर टीएसएच खऱ्यापेक्षा कमी दिसते. तुमचे आधीच जास्त आले आहे, म्हणजे खरे त्याहूनही जास्त असू शकेल. पुढच्या तपासणीआधी त्या गोळ्या निदान दोन दिवस बंद ठेवाव्यात, आणि नमुना घेणाऱ्या मुलीला तसे सांगावे. आम्हाला सांगितल्याशिवाय कळण्याचा कोणताही मार्ग नसतो.

प्रसूतिकक्ष :

मी स्त्रीरोगतज्ज्ञ असून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, म्हणून पुढचे सारे आपल्या डॉक्टरांशी बोलताना हाताशी असावे एवढ्याच हेतूने वाचावे. वरील गृहस्थांनी औषधांविषयी विचारलेला प्रश्न फार महत्त्वाचा आहे, त्याचे उत्तर आधी शोधावे.

तीन हार्मोन एकाच वेळी बिघडले, असे अहवाल वाचून वाटते खरे, पण बरेचदा बिघाड एकाच ठिकाणी असतो आणि बाकीचे आकडे त्याच्यामागून फरपटत जातात. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधून ठरावीक अंतराने जीएनआरएच या हार्मोनचे ठोके पडतात. त्या ठोक्यांवर पियुषिका ग्रंथी एफएसएच आणि एलएच सोडते, एफएसएचमुळे बीजकोषातील एक पुटिका वाढते, तिच्यातून इस्ट्रोजेन तयार होते, ते पुरेसे चढले की एलएच एकदम उसळते आणि त्यानंतर सुमारे दीड दिवसात बीज बाहेर पडते. रिकाम्या झालेल्या पुटिकेतून मग बारा ते चौदा दिवस प्रोजेस्टेरॉन येत राहते. गर्भ राहिला नाही तर ते ओसरते आणि पाळी येते.

आता आपले टीएसएच पाहू. थायरॉईड मंद पडला की हायपोथॅलॅमस टीआरएच नावाचे हार्मोन वाढवून पियुषिकेला ढोसत राहतो. या टीआरएचची गंमत अशी की ते टीएसएच तर वाढवतेच, पण प्रोलॅक्टिनही वाढवू शकते. प्रोलॅक्टिन वाढले की जीएनआरएचच्या ठोक्यांना लगाम बसतो. अंगावर पाजणाऱ्या बाळंतिणीची पाळी महिनोन्‌महिने येत नाही ती याच यंत्रणेमुळे, आणि तिथे ती निसर्गाची सोय आहे. आपल्या बाबतीत बाळ नसताना तोच लगाम बसलेला असू शकतो. म्हणून टीएसएच चढलेले असताना प्रोलॅक्टिन थोडे वाढलेले दिसले, तर आधी थायरॉईडचा उपचार करून सहा-आठ आठवड्यांनी दोन्ही पुन्हा मोजणे ही सरळ रीत आहे. पियुषिकेत गाठ आहे का हे पाहण्यासाठीचा एमआरआय नंतरही करता येतो. मात्र सतत डोके दुखणे, डोळ्यांच्या कडेचे दिसेनासे होणे किंवा स्तनांतून दूध येणे यांपैकी काही असेल, तर एमआरआय पुढे ढकलू नये.

थायरॉईडसाठी केवळ टीएसएचवर थांबू नये, फ्री टी४ (थायरॉईडचे स्वतःचे हार्मोन) आणि टीपीओ प्रतिपिंडेही (थायरॉईडवरच उलटणारी) पाहून घ्यावीत. मूल हवे असलेल्या आणि थायरॉईडची गोळी चालू असलेल्या स्त्रीचे टीएसएच साधारणपणे २.५च्या खाली आणण्याचा प्रयत्न असतो. गोळी पहाटे उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी आणि चहासाठी निदान अर्धा तास, शक्यतो तासभर थांबावे. लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्यांपासून ती चार तास दूर ठेवावी. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या जणी ती चहाच्या पहिल्या घोटाबरोबर घेत असत आणि डोस वाढवूनही आकडा का उतरत नाही, असे विचारत असत. पुढे दिवस राहिले की शरीराची गरज पहिल्या काही आठवड्यांतच वाढते, म्हणून पाळी चुकून चाचणी होकारार्थी येताच डॉक्टरांना कळवावे. तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवायला जाईपर्यंत थांबू नये.

‘पीसीओडी’च्या शिक्क्याविषयी. रॉटरडॅम येथे २००३ साली ठरलेल्या निकषांप्रमाणे अनियमित बीजविमोचन, पुरुषी हार्मोनांचा अतिरेक आणि सोनोग्राफीतील पुटिकांनी भरलेले बीजकोष, या तिन्हींपैकी दोन लक्षणे असली तर निदान होते. २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी प्रौढ स्त्रियांत सोनोग्राफीऐवजी एएमएच ग्राह्य धरण्यास मोकळीक दिली आहे. पण या सगळ्याला जोडलेली अट लोक विसरतात : थायरॉईड आणि प्रोलॅक्टिनचे दोष आधी वगळले पाहिजेत. आपला थायरॉईडच अजून वगळला गेलेला नाही. तरीही हनुवटीवरील केस आणि कॉलेजपासूनची लांब पाळी पाहता पीसीओएसही (पीसीओडीलाच आता असे म्हणतात) असण्याची शक्यता मला बरीच वाटते. दोन्ही एकत्र असणे मुळीच दुर्मीळ नाही.

बहिणीला सांगावे की जास्त एएमएच म्हणजे सुपीकतेचे गुणपत्रक नव्हे. हे हार्मोन वाढीच्या प्रारंभीच्या अवस्थेतील लहान पुटिकांतून येते, त्यामुळे ते फार तर पुटिकांची संख्या सांगते, बीजाची प्रत सांगत नाही. पीसीओएसमध्ये बरेचदा रक्तातले इन्सुलिन वाढलेले असते, त्याच्या जोरावर बीजकोष टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी हार्मोने अधिक बनवतो, आणि पुटिका मध्येच अडून बसतात, कोणतीच एक पुढे जाऊन फुटत नाही. एसटी स्टँडवर तिकिटाच्या खिडकीपुढे मोठी रांग आहे पण खिडकी उघडत नाही, तशी ती गर्दी असते, आणि एएमएच त्या गर्दीची लांबी मोजते. याची दुसरी बाजूही सांगते, कारण कमी एएमएच पाहून रडत आलेल्या मुली मी पुष्कळ पाहिल्या. वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या ३० ते ४४ वयाच्या स्त्रियांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कमी एएमएच असलेल्यांना नैसर्गिकरीत्या दिवस राहण्याची शक्यता इतरांहून कमी आढळली नव्हती.

आता ते २१व्या दिवसाचे प्रोजेस्टेरॉन. मला या अहवालातला सर्वांत निरुपयोगी आकडा हाच वाटतो. २१वा दिवस हा २८ दिवसांच्या पाळीचा हिशेब आहे, पुढच्या पाळीच्या सात दिवस आधीचा. आपली पाळी ५० दिवसांची धरली, तर बीज सुटलेच तर ३६व्या दिवसाच्या आसपास सुटेल आणि प्रोजेस्टेरॉन ४३व्या दिवसाच्या सुमारास मोजायला हवे. २१व्या दिवशी ०.६ येणे म्हणजे पेरणीच्या आधी शेतात जाऊन पीक नाही म्हणणे. अॅपवरील १२ ते १६ दिवसांचेही तेच. स्त्रीबीज सुटल्यावर फार तर एक दिवस तग धरते आणि शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. तुमच्या बाबतीत ते पाच दिवस बहुधा तीन आठवडे पुढे होते. लघवीवरच्या एलएच पट्ट्यांवरही विसंबू नये, पीसीओएसमध्ये एलएच मुळातच चढे असल्याने त्या उगाच ‘हो’ म्हणतात.

५० दिवसांच्या पाळीत वर्षाला फार तर सात संधी मिळतात, त्याही प्रत्येक वेळी बीज सुटले तर. २८ दिवसांच्या पाळीत त्या तेरा असतात. मला हा दोष दार बंद असल्याचा कमी आणि दार क्वचित उघडत असल्याचा जास्त वाटतो.

एक प्रश्न राहिला. यजमानांची वीर्यतपासणी झाली आहे का? आपल्या पत्रात तिचा उल्लेखच नाही. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी साधारण निम्म्यांत पुरुषाकडील दोषाचा काही ना काही वाटा असतो, आणि ही तपासणी आपल्या सगळ्या तपासण्यांहून स्वस्त व सोपी आहे. बीज सुटण्याच्या गोळ्या सुरू करण्यापूर्वी ती झालीच पाहिजे.

गोदातीर :

मला पीसीओएसचे निदान २७व्या वर्षी झाले, म्हणून लिहिते. त्या वेळी माझे वजन ७६ होते आणि प्रत्येक जण एकच वाक्य सांगे : वजन कमी करा. किती, हे कुणीच सांगत नसे. मला वाटे की २० किलो उतरवल्याशिवाय काही होणार नाही, आणि मी सुरुवातच करत नसे. पुढे भेटलेल्या डॉक्टरांनी सांगितले की आहे त्या वजनाच्या पाच ते दहा टक्के उतरले तरी पुष्कळ जणींची पाळी मार्गावर येते. ७६चे ७१ व्हायला मला पाच महिने लागले आणि चौथ्या महिन्यापासून पाळी ३५ दिवसांवर आली. मी काही विशेष केले नाही. रोज पाऊण तास चालणे, रात्रीच्या भाताऐवजी ज्वारीची भाकरी आणि उसळ, आणि उपवास बंद. उपवास बंद म्हटल्यावर आई दुखावली होती. पण माझी एकादशी म्हणजे सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी बटाट्याचा कीस आणि संध्याकाळी गोड रताळी अशी असे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून साखरेची तपासणी केली तेव्हा माझी दोन तासांची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर निघाली होती. तुम्हीही ती तपासणी करून घ्यावी.

तरीही दिवस राहिले नाहीत, तेव्हा बीज सुटण्यासाठी लेट्रोझोल दिले. औषधाच्या दुकानातील मुलाने चिठ्ठी वाचून माझ्याकडे पाहिले आणि ‘हे कॅन्सरचे आहे, माहीत आहे ना?’ असे चारचौघांत विचारले. मी घरी येऊन गोळी न घेता दोन दिवस तशीच ठेवली. कुणावर तशी वेळ आली, तर घाबरू नये म्हणून सांगते.

प्रसूतिकक्ष :

गोदातीर, त्या मुलाचे अर्धे बरोबर होते. लेट्रोझोल मुळात स्तनाच्या कर्करोगावरचे औषध आहे. आपल्या देशात २०११ साली वंध्यत्वासाठी त्याच्या वापरावर बंदी आली आणि २०१७ साली ती उठली. त्या मधल्या काळात आम्ही बीज सुटण्यासाठीच्याच क्लोमिफेन या जुन्या औषधावर काम भागवत होतो. अमेरिकेतील ७५० स्त्रियांवरचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला, त्यात पीसीओएस असलेल्यांपैकी लेट्रोझोल घेणाऱ्या २७.५ टक्के जणींना जिवंत बाळ झाले, क्लोमिफेन घेणाऱ्यांत हे प्रमाण १९.१ टक्के होते. आज पीसीओएसमध्ये बीज सुटण्यासाठी पहिली पसंती लेट्रोझोललाच आहे. पाळीच्या सुरुवातीचे पाच दिवस ते घ्यायचे असते आणि बीज सुटेपर्यंत त्याचा बराचसा अंश शरीरातून गेलेला असतो.

कृष्णाकाठ यांनी मात्र हे वाचून उद्याच लेट्रोझोल मागू नये. टीएसएच ८.२वर ठेवून बीज सोडवण्यात अर्थ नाही, कारण दिवस राहिले तरी गर्भपाताचा धोका वाढलेला असतो.

सांजवात :

माझ्या नणंदेला शतावरी आणि अश्वगंधा घेऊन सहा महिन्यांत गुण आला. हार्मोनच्या गोळ्यांच्या नादी लागण्याआधी एकदा हा मार्ग पाहावा, असे मी सुचवीन.

प्रसूतिकक्ष :

आपल्या नणंदेला गुण आला याचा आनंद आहे, पण त्या सहा महिन्यांत आणखी काय काय बदलले, हे आपल्याला माहीत नाही. अश्वगंधेमुळे थायरॉईडचे आकडे हलल्याचे नोंदले गेले आहे आणि गरोदरपणात ती टाळण्याचा सल्ला दिला जातो. थायरॉईडची गोळी नव्याने सुरू होत असताना ती बरोबर घेतली, तर आकडा कशाने बदलला, हे कुणालाच सांगता येणार नाही. काहीही घ्यायचे असल्यास डॉक्टरांना सांगून घ्यावे.

कृष्णाकाठ३१ :

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मी औषधांचा डबा घेऊन बसले. सकाळी चहाआधी घ्यायची पित्ताची कॅप्सूल मी गेले दीड वर्ष घेत आहे, एका लग्नातल्या जेवणानंतर सुरू केलेली ती बंद करायची राहूनच गेली. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत डॉम्पेरिडोन लिहिलेले आहे. केसांसाठी घेत असलेल्या गोळ्यांत बायोटिनही निघाले. तपासणीच्या दिवशी दोन्ही घेतल्या होत्या, आणि सिग्नलवर अडकल्यामुळे धावत जाऊन नमुना दिला होता.

दुसऱ्या डॉक्टरांची वेळ पुढच्या गुरुवारची मिळाली आहे. यजमानांना वीर्यतपासणीचे सांगितले, ते पाच मिनिटे गप्प बसले आणि मग ‘शनिवारी जाऊन येतो’ म्हणाले. सासूबाईंना टीआरएचची हकिकत माझ्या परीने सांगितली. ‘म्हणजे मेंदूत काही नाही ना,’ एवढे एकच त्यांनी तीनदा विचारले.

शेवटचा एक प्रश्न. आमच्याकडे गौरी-गणपती असतात आणि पूजा माझ्याकडे आहे. दर वर्षी मी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेते. त्यांच्यामुळेच हे सारे झाले का? या वर्षी घेऊ की नको?

प्रसूतिकक्ष :

त्यांच्यामुळे झालेले नाही. त्या गोळ्यांत नॉरएथिस्टेरॉन हे प्रोजेस्टेरॉनसारखे हार्मोन असते. वर्षातून एकदा चार-आठ दिवस घेतल्याने बीजकोष कायमचे बिघडत नाहीत, गोळी थांबवली की दोन-तीन दिवसांत पाळी येते आणि तिचा अंमल संपतो. यंदा मात्र घेऊ नये असे मी म्हणेन. आपण मुलासाठी प्रयत्न करत असताना, दिवस राहिले आहेत की नाहीत हे नक्की नसेल तेव्हा ती गोळी पोटात जाऊ नये. शिवाय ती अपेक्षित पाळीच्या तीन दिवस आधी सुरू करावी लागते. ज्या पाळीची तारीखच ४५ आणि ७२च्या मध्ये कुठेतरी आहे, तिच्या आधीचे तीन दिवस आपण दर वर्षी कसे शोधून काढत होता, याचे मला कुतूहल आहे.

पित्ताची कॅप्सूल परस्पर बंद न करता गुरुवारी पाकीटच सोबत न्यावे, डॉम्पेरिडोन नसलेली साधी गोळी देता येते. प्रोलॅक्टिन पुन्हा तपासायचे ते ती बदलल्यानंतर काही दिवसांनी. जुना अहवाल, सोनोग्राफीचा कागद आणि मागच्या सहा पाळ्यांच्या तारखा एका कागदावर लिहून न्याव्यात. त्या तारखा डॉक्टरांनी विचारल्या नाहीत, तर स्वतःहून पुढे कराव्यात.